पदवीला क्रिएटिव्ह रायटिंग घ्यावं का? तीन वर्षं शिकून झाल्यावर लिहितेय

वेलांटी

गेल्या वर्षभरात पाच-सहा जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून मला हाच प्रश्न विचारला. कुणाला स्वतःसाठी विचारायचं होतं, कुणाला मुलीसाठी, एकांना नातवासाठी. दर वेळी मी घाईघाईत काहीतरी धीर देणारं लिहून मोकळी झाले आणि नंतर रुखरुख लागून राहिली. म्हणून आता सवडीने सगळं एकदाच लिहितेय. माझ्या विद्यापीठाचं नाव घेत नाही. अभ्यासक्रमाचा ढाचा बहुतेक ठिकाणी साधारण असाच असतो, नावावाचून काही अडणार नाही.

पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय केलं असेल तर वाचन. मला वाटलं होतं, जायचं आणि लिहायला बसायचं. प्रत्यक्षात पहिल्या सत्रात मी एक कथा आणि चार कविता लिहिल्या, वाचलं मात्र अख्ख्या शाळेत वाचलं नव्हतं इतकं. वाचायची रीतही वेगळी. साहित्याच्या तासाला आपण विचारतो, या कथेचा अर्थ काय. इथे आमचे सर विचारायचे, ‘ही बाई खोलीत येते ते वाक्य इथेच का ठेवलंय? दोन वाक्यं आधी आलं असतं तर काय बिघडलं असतं?’ सुतार दुसऱ्याने केलेली खुर्ची उलटी करून सांधे बघतो ना, तसं. एकदा ती सवय लागली की वाचनाचा पहिला भोळा आनंद थोडा कमी होतो, हे मी लपवणार नाही. मला तो परत यायला वर्ष लागलं.

त्या वर्षी सगळ्यांनाच सगळं थोडं थोडं करावं लागतं: कविता, कथा, ललित गद्य, नाटकातले प्रवेश. मी कवितेसाठी गेले होते. नाट्यलेखनाच्या तासाला सक्तीने संवाद लिहावे लागले आणि तिथे कळलं की मला माणसं बोलताना ऐकू येतात. एकटी लिहीत राहिले असते तर मी जन्मभर कविताच लिहिल्या असत्या, कारण जे जमतं तेच आपण करत बसतो.

खरं वर्कशॉप दुसऱ्या वर्षी सुरू झालं. आम्ही बारा जण. ज्याची पाळी असेल त्याने आठवडाभर आधी आपलं लेखन सगळ्यांना पाठवायचं. बाकीच्यांनी ते दोनदा वाचायचं, समासात खुणा करायच्या, शिवाय लेखकाला पानभर पत्र लिहायचं. मग वर्गात चाळीसेक मिनिटं त्यावर चर्चा, आणि तेवढा वेळ लेखकाने अवाक्षर काढायचं नाही. ‘अहो, मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे सुद्धा नाही. का, तर पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी लेखक समजावून सांगायला बसलेला नसतो.

माझ्या पहिल्या पाळीचं सांगते. कथा आजोबांवर होती. आजी गेल्यानंतरचे आजोबा. त्यात एक वाक्य होतं, जे मला फार आवडायचं: ‘आजोबांच्या डोळ्यांत अथांग एकाकीपण दाटून आलं होतं.’ सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून लिहिलं होतं, ‘तू काय पाहिलंस?’ बस, तीनच शब्द. मला राग आला. घरी जाऊन दोन दिवस कागद उघडला नाही. मग खरंच आठवायला बसले की मी पाहिलं काय होतं. एकाकीपण काही दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते हे, की आजी गेल्यावरही आजोबा रात्री झोपताना दोन मनगटी घड्याळांना चावी द्यायचे. एक त्यांचं आणि एक तिचं.

दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य गेलं आणि त्या जागी ही घड्याळं आली. वर्गाला आवडलं. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात एका मुलीने, जी एरवी फारशी बोलायची नाही, विचारलं, ‘दोन्ही घड्याळांत वेळ सारखीच असायची का?’ मी गप्प. बोलायची परवानगी नव्हती म्हणून नव्हे, मला माहीतच नव्हतं. रात्री बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, आजीचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं. कुठे जायला उशीर नको म्हणून ती मुद्दाम तसं लावायची. आणि आजोबांनी ते कधी मागे घेतलं नाही.

माझी कथा खरी त्या पाच मिनिटांत होती. मी त्या घरात वाढले, ते घड्याळ रोज बघितलं, तरी ती पाच मिनिटं मला दिसली नव्हती. जिने आजोबांना कधी पाहिलं नव्हतं तिने नेमकं बोट ठेवलं. त्या कथेचे एकूण सात खर्डे झाले. सातव्यात शेवटचा अख्खा परिच्छेद गेला आणि कथा पाच मिनिटांपाशी थांबली.

मला विचाराल तर पदवीने दिलं ते एवढंच: नेटाने वाचणारी अकरा माणसं, ठरलेली तारीख आणि परत लिहायची सवय. प्रतिभा कुणी दिली नाही. प्रकाशकही कुणी दिला नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे एक अध्यापक होते, त्यांना एकाच तऱ्हेची कथा चांगली वाटायची. छोटी वाक्यं, कमी विशेषणं, भावना दाबून ठेवलेली. माझ्या एका मैत्रिणीचं लेखन अगदी उलट होतं. तिच्या गोष्टीला ओवीसारखी लय होती, तीच ती ओळ फिरून यायची, एकातून दुसरी गोष्ट निघायची. दर पाळीला तिला ‘पसरट’ म्हणून गुण कापले जायचे आणि वर्गही सरांच्या सुरात सूर मिसळायचा. तिसऱ्या सत्रात तिने आपलं लेखन छाटून त्यांना हवं तसं केलं, छान गुण मिळवले, आणि त्यानंतर वर्षभर एक ओळ लिहिली नाही. मी त्या वर्गात बसले होते आणि मीही ‘पसरट आहे’ असंच म्हटलं होतं. ते मला अजून टोचतं. म्हणून ज्यांना जायचंय त्यांना कळकळीने सांगते, वर्कशॉपमध्ये ऐकायचं सगळ्यांचं, पण वही घरी आणल्यावर ठरवायचं आपण.

तर, घ्यावं का? माझं उत्तर: घ्यावं, पण शक्यतो दुसऱ्या एखाद्या विषयाच्या जोडीने. इतिहास, भाषा, विज्ञान, काहीही. प्रश्न असतील तर विचारा, मला येतं तेवढं सांगेन.

समास

वेलांटी, घड्याळाचं वाचून डोळे भरून आले. खूप मनापासून लिहिलं आहेस.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. सहावीपासून लिहिते. तिला हेच करायचंय आणि घरात रोज यावरून वाद होतात. तिच्या बाबांचं म्हणणं, हौस म्हणून लिही, पदवी पोट भरणारी घे. मला दोघांचंही पटतं आणि मध्ये मी अडकते. तू आता काय काम करतेस, विचारलं तर चालेल ना? आणि दुसरी भीती अशी, की ती फार हळवी आहे. बारा जण तिच्या लेखनाची चिरफाड करतायत आणि ती गप्प बसलीय, हे चित्र मला सहन होत नाही.

कोरापान

लेख आवडला, पण मूळ कल्पनेला माझा विरोध आहे आणि तो स्पष्ट मांडतो.

लेखन शिकवता येत नाही. चेखव डॉक्टर होता. काफ्का कायदा शिकला आणि विम्याच्या कचेरीत नोकरी करत होता. या लोकांकडे लिहायला काहीतरी होतं, कारण ते वर्गाबाहेर जगत होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना एका खोलीत बसवून एकमेकांचं लेखन वाचायला लावलं तर त्यातून एकमेकांसारखंच लिहिणारी मुलं तयार होणार. वेलांटीने मैत्रिणीचं जे सांगितलं त्याला मी अपवाद मानत नाही. ही पद्धतच तशी आहे. त्या वयात माणसाने भटकावं, चार कामं करावीत, प्रेमात पडावं आणि वाचनालयात बसावं.

वेलांटी

समासताई, तुमच्या प्रश्नांवर रात्री नीट लिहिते. आधी कोरापान यांना.

तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे, म्हणूनच जोडीला दुसरा विषय घ्या म्हटलं. पण ‘शिकवता येत नाही’ हे लेखनाबद्दलच का म्हणतात, याचं मला कोडं आहे. गाणाऱ्याला आपण विचारतो, कुणाकडे शिकलात? चित्रकार पाच-पाच वर्षं चित्रशाळेत घालवतो तेव्हा कुणी म्हणत नाही की नुसतं जगायचं होतं. उर्दू शायरीत तर उस्तादाला गझल दाखवून इस्लाह घ्यायची जुनी रीत आहे. उस्ताद शब्द बदलतो, मिसरा म्हणजे शेराची ओळ घासून देतो, आणि त्यात शागिर्दाला कमीपणा वाटत नाही. गळा देवाने दिला तरी रियाज कुणीतरी बसवून घ्यावा लागतो.

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो कॅलिफोर्नियातल्या चिको स्टेट कॉलेजात कादंबरीकार जॉन गार्डनरच्या वर्गात बसला. विशीत होता, लग्न झालेलं, दोन मुलं, घरात लिहायला जागा नाही. गार्डनरने त्याला आपल्या ऑफिसची किल्ली दिली, शनिवार-रविवारी इथे येऊन लिही म्हणून. त्याच्या कथांवर ओळ न् ओळ खुणा करून दिल्या. जगण्याचा अनुभव कार्व्हरकडे भरपूर होता हो. नव्हती ती खोली, आणि ओळ न् ओळ वाचणारा माणूस. दोन्ही त्याला कॉलेजात मिळालं.

उकार

मी बरीच वर्षं हे वर्ग घेतो, म्हणून थोडं लिहितो. वेलांटीचं वर्णन अचूक आहे, मैत्रिणीचं सुद्धा. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि एक-दोघांच्या बाबतीत चूक माझीच होती.

या चर्चेत बहुतेकदा एक गल्लत होते. नावाजलेली उदाहरणं पदव्युत्तर वर्गांची असतात. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये वरच्या पदव्यांसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील लेखन स्वीकारायला सुरुवात केली आणि १९३६ मध्ये तिथे रायटर्स वर्कशॉप उभं राहिलं. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी १९७० मध्ये एम.ए. सुरू केलं. पहिल्या वर्षीचा विद्यार्थी इयन मॅकइवन, पुढे नावाजलेला कादंबरीकार. पुढे १९८० मध्ये काझुओ इशिगुरो तिथून एम.ए. झाले, त्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. तिथे येणारी माणसं काही वर्षं लिहून, काही वर्षं जगून आलेली असतात. अठराव्या वर्षी येणाऱ्या मुलाची गरज निराळी असते. त्याला अजून वाचायचं असतं, दहा प्रकारे लिहून बघायचं असतं आणि त्यातल्या नऊंमध्ये फसायचं असतं. पदवीच्या वर्गाने त्याला बिनधास्त फसू द्यावं. जो वर्ग पहिल्या वर्षापासून ‘प्रकाशित होण्याजोगं’ लिहायला लावतो, तो मुलांचं नुकसान करतो असं माझं ठाम मत झालं आहे.

कोरापान, तुम्ही म्हणता ते ‘बाहेरचं जगणं’ आणि वर्ग यांचं जुळतं त्याचं एक चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं. तिथे लेखन हा मुख्य पदवीचा विषय नव्हता, दुसऱ्या विषयाच्या जोडीने करायचा अभ्यास होता. पाकिस्तानी कादंबरीकार मोहसीन हमीद तिथे सार्वजनिक धोरण आणि आंतरराष्ट्रीय विषय शिकत होता, १९९३ मध्ये पदवीधर झाला. आपल्या पहिल्या कादंबरीचा पहिला खर्डा त्याने अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्या वर्गात लिहिला. ती कादंबरी छापून आली २००० मध्ये. मधल्या सात वर्षांत तो कायदा शिकला, नोकरी केली आणि खर्डे करत राहिला.

समासताई, गप्प बसण्याबद्दल. ती प्रथा आयोवाच्या परंपरेतून सगळीकडे पसरली आणि गेल्या काही वर्षांत तिच्यावर पुष्कळ टीका झाली आहे. टीका योग्य आहे. ज्याची भाषा, ज्याचं घर वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा वेगळं, त्याला गप्प बसवलं की वर्ग त्याच्या लेखनाबद्दल चुकीच्या समजुतीवर तासभर बोलत राहतो. मी स्वतः आता लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत वापरतो. तिने ती १९९० च्या सुमारास नर्तकांसाठी तयार केली होती. आधी वाचणाऱ्यांनी सांगायचं की या लेखनातलं काय मनात राहिलं. मग लेखक स्वतः प्रश्न विचारतो. मग वाचणारे विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘शेवट इतका ओढलेला का?’ हे चालणार नाही, ‘शेवटाबद्दल तुझा विचार काय होता?’ हे चालेल. आणि मत द्यायचं झालं तर आधी लेखकाला विचारायचं, ऐकायचंय का? तो नको म्हणू शकतो. पहिल्यांदा ही पद्धत मला फार गुळमुळीत वाटली होती. पण मुलं दुसरा खर्डा लवकर आणायला लागली, तेव्हा माझा हट्ट गेला.

वेलांटीच्या वर्गातल्या मुलीने विचारलेला घड्याळाचा प्रश्न या तिसऱ्या पायरीचा आहे. बघा, त्यात मत औषधालाही नाही.

रफार

उकार सर, गुण कशाला देतात ते सांगाल का? कवितेला साठ आणि पासष्ट यात फरक कसा करतात? मला हेच कधी समजलं नाही.

उकार

रास्त प्रश्न आहे. नुसत्या कवितेला गुण द्यायचे झाले तर मलाही जमणार नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटी पोर्टफोलिओ मागतात: सुधारलेलं लेखन, आणि सोबत एक निबंध, ज्यात विद्यार्थी लिहितो की काय वाचलं, काय बदललं आणि का. मी सगळे खर्डेही मागतो. पहिल्या आणि चौथ्या खर्ड्यात काय अंतर पडलं ते मला दिसतं, आणि त्याला गुण देता येतात. एखाद्याचा पहिलाच खर्डा देखणा असतो आणि चौथाही तसाच्या तसा. त्याला मी कमी देतो. भांडणं होतात, होऊ देत.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून आणण्याचा प्रश्न कुणी विचारायच्या आत सांगतो. यंत्राच्या मजकुरामागे वेलांटीने घड्याळासाठी बाबांना केला तसा फोन नसतो. मी मुलाला शेजारी बसवून विचारतो, हे वाक्य का बदललंस? दोन मिनिटांत कळतं.

शिरोरेषा

मी एक वर्ष करून सोडलेली आहे, म्हणून माझंही लिहिते.

सोडलं त्यात कुणाचा दोष नव्हता. दर पंधरवड्याला काहीतरी द्यायचं म्हणजे मी दर पंधरवड्याला स्वतःच्या आयुष्यात कथा शोधत फिरायला लागले. आई आजारी होती आणि दवाखान्यात तिच्या उशाशी बसल्या बसल्या माझ्या मनात वाक्यं जुळत होती. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली. नंतर कळलं की लिहिणाऱ्या बऱ्याच जणांचं तसं होतं, पण एकोणिसाव्या वर्षी ते पेलण्याइतकी मी तयार नव्हते.

भूशास्त्राला गेले. तिथे फील्डवर जाताना वही नेतात, आणि पहिल्याच दिवशी सांगतात: जे दिसतं ते वेगळं लिहा, त्याचा तुम्ही लावलेला अर्थ वेगळा. ‘इथे पूर्वी नदी होती’ असं आधी नाही लिहायचं. आधी लिहायचं, गोटे गोल आहेत, अमुक सेंटिमीटरचे आहेत, एकाच दिशेला कललेले आहेत. नदी मागाहून. वेलांटी, तुझ्या सरांचं ‘तू काय पाहिलंस’ वाचलं आणि मला थेट ती वही आठवली. दोन वर्षं ती वही लिहिल्यावर मी परत कथा लिहायला लागले, आणि आता लिहिते. आईबद्दलही लिहिलं, तिला वाचून दाखवलं.

त्यामुळे जोडीला दुसरा विषय घ्या, याला माझा मनापासून पाठिंबा.

कोरापान

शिरोरेषा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण माझं म्हणणं वर्गाविरुद्ध नसून नुसत्या वर्गाविरुद्ध आहे, एवढं मी दुरुस्त करून घेतो.

रफार

अजून एक. माझी शिकण्याची भाषा एक आणि मनातली भाषा दुसरी. अशा माणसाने काय करायचं? वर्गात दुसऱ्या भाषेत लिहिलं की व्याकरण बरोबर येतं, पण माझी माणसं त्यात बोलतच नाहीत. सगळी पाहुण्यासारखी वागतात.

वेलांटी

रफार, पाहुण्यासारखी वागतात, हे मी कधी विसरणार नाही. माझंही हेच व्हायचं. घड्याळाच्या कथेत आजोबांचा एकही संवाद नाही, त्याचं अर्धं कारण हेच आहे. ते बोलायचे त्या भाषेत लिहायची सोय नव्हती.

मी नंतर काढलेला मार्ग सांगते. पहिला खर्डा मराठीत लिहायचा, पूर्ण. मग वर्गासाठी भाषांतर करायचं. काम दुप्पट होतं, पण भाषांतर करताना नेमकं कळतं की कुठलं वाक्य नुसतं नादावर तरलंय आणि कुठल्या वाक्यात खरंच काही आहे. बऱ्याच विद्यापीठांत साहित्यिक भाषांतराचा वेगळा पेपर असतो. तो मिळत असेल तर सोडू नकोस. मला तीन वर्षांत सगळ्यात जास्त त्या पेपराने शिकवलं, वर्कशॉपपेक्षाही.

आपल्यात दिलीप चित्रे दोन्ही भाषांत लिहीत आणि तुकारामांना इंग्रजीत नेत. ते १९७५ ते १९७७ आयोवाला होते, पण तिथल्या पदवीच्या वर्गात नव्हे. इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम म्हणून आयोवात १९६७ पासून वेगळा उपक्रम आहे, तिथे आधीपासून लिहिणाऱ्या लेखकांना बोलावतात. तिथे जाऊन आपली भाषा सोडावी लागत नाही. म्हणजे दार नेहमी पदवीचंच असतं असं नाही.

समासताई, उशीर झाला, माफ करा. मी एका शैक्षणिक प्रकाशन संस्थेत संपादनाचं काम करते. विज्ञानाची पुस्तकं मुलांना कळतील अशी करायची. नोकरी मला पदवीच्या कागदावर मिळाली नाही. त्यांनी दोन पानं दिली, ‘निम्मी करा, अर्थ गळू देऊ नका’ म्हणाले. ते मला आलं, कारण तीन वर्षं मी तेच करत होते. माझ्या वर्गातले दोघं जाहिरातीत आहेत, एक शाळेत शिकवतो, एक जण अ‍ॅपमधल्या सूचना लिहिते, दोघं पुढे शिकतायत. नुसत्या कथा-कवितांवर घर चालवणारं आमच्या बाराजणांत कुणी नाही. मुलीच्या बाबांना हे खरं खरं सांगा, आकडे फुगवून सांगू नका. त्यांची काळजी खोटी नाही.

आणि अर्ज करण्याआधी तिने एवढं जरूर विचारावं: एका वर्गात किती जण असतात, दुसरा विषय घेता येतो का, शिकवणारे स्वतः आता काय लिहितायत, आणि शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक मार्गदर्शक मिळतो का. वीसच्या वर वर्ग असेल तर सत्रात एखादीच पाळी येते, ती पुरत नाही. जमलं तर एक दिवस वर्गात मागे बसून बघावं. एखाद्याचं लेखन फसलेलं असताना वर्ग त्याच्याशी कसा बोलतो ते बघावं. बाकी माहितीपत्रकात सगळीकडे एकसारखंच लिहिलेलं असतं.

हळवी आहे म्हणालात. आमच्या वर्गात घड्याळाचा प्रश्न विचारला ती मुलगी सगळ्यात हळवी होती.

समास

काल रात्री हा सगळा धागा मी मोठ्याने वाचला, तिचे बाबाही ऐकत होते. निर्णय अजून झालेला नाही. पण वाद न होता दीड तास आम्ही तिघं या विषयावर बोललो, असं पहिल्यांदाच झालं. बाबांनी तिला विचारलं, तुझं काहीतरी वाचून दाखव. तिने दाखवलं नाही, पण मग आज सकाळी त्यांच्या टेबलावर दोन पानं ठेवून शाळेत गेली.

तिला इथे एक प्रश्न विचारायचाय. तिच्याच शब्दांत देते: ‘सगळे बोलत असतात आणि आपण गप्प बसायचं असतं तेव्हा हातांचं काय करायचं?’

वेलांटी

तिला सांगा, वही उघडी ठेवायची आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे, लोक जे म्हणतायत ते जसंच्या तसं, नाव न लिहिता. नाव लिहिलं की मागाहून आपण वाक्य वाचत नाही, माणूस वाचतो. उजवी बाजू कोरी ठेवायची. ती तीन दिवसांनी भरायची, त्याआधी नाही. माझ्या वहीत त्या दिवशी डावीकडे लिहिलंय, ‘दोन्ही घड्याळांत वेळ सारखीच असायची का?’ आणि उजवीकडे, वेगळ्या शाईत, ‘बाबांना विचार.’

आणि पेन नको. पेन्सिल. हात थरथरला तरी ती चालते.